भांड्यांच्या दुकानाच्या पोस्ट एआयकडून लिहून घेताना

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. गिऱ्हाईक बाबा बघतात, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप स्टेटस माझ्याकडे. फोटो झटपट निघतात, पण खाली काय लिहायचं यात रात्र जायची, म्हणून चॅटजीपीटी वापरायला घेतलं.

‘तांब्याच्या कळशीवर पोस्ट लिही’ एवढंच सांगितलं तर उत्तर यायचं, ‘आपल्या घराला द्या परंपरेचा शाही स्पर्श!’ असली ओळ साडीच्या दुकानालाही चालेल आणि फर्निचरच्याही. वर न सांगता ‘मर्यादित काळासाठी 20 टक्के सूट’. हे वाचून कुणी दुकानात आलं तर बाबांनी त्याला काय सांगायचं?

मग मी गिऱ्हाईक जे विचारतं तेच मराठीत बोलून टाइप करायला लागले. कल्हई किती टिकते? पितळेचं पातेलं इंडक्शनवर चालेल का? (साध्या इंडक्शनवर नाही चालत.) सोबत आमची उत्तरं आणि पूर्वी गिऱ्हाइकांना पाठवलेले काही मेसेज नमुना म्हणून द्यायचे, नावं आणि नंबर काढून, ते मी कधीच त्यात टाकत नाही. शेवटी बजावायचं: याच बोलीत लिही, किंमत, सूट, वर्ष स्वतःच्या मनाने घालू नकोस. तिथून मजकूर आमच्या दुकानाचा वाटायला लागला.

सगळ्यात चांगली झाली ती कल्हईची पोस्ट. आमचे कल्हईवाले काका भांडं तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो. मग कथील टेकवलं की ते वितळतं आणि कापसाचा बोळा फिरला की पितळ आतून चांदीसारखं लखलखतं. हे सगळं मी बघून, जसंच्या तसं बोलून दिलं. एआयने फक्त वाक्यं नीट लावली, लांबण कापली. ती पोस्ट बघून लोक माळ्यावरची पातेली पिशवीत घालून आले.

आरोग्याच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. एकदा एआयने लिहिलं, ‘तांब्याच्या लोट्यात रात्रभर लिंबूपाणी ठेवा, सांधेदुखी पळवा.’ आंबट पदार्थात तांबं उतरतं. त्याने मळमळ होते, उलट्या होतात. भांडी विकणाऱ्याच्या पानावर असलं काही छापून येणं मला सहनच होणार नाही. वाचायला इतकं सफाईदार असतं की घाईत नजरेतून सुटूही शकतं, म्हणून बाबांना वाचून दाखवल्याशिवाय एकही पोस्ट जात नाही. ‘ताक, लिंबू, चिंच तांब्यात नको, हे आधी लिही,’ असं ते म्हणाले. आता तांब्याच्या प्रत्येक भांड्याखाली ती ओळ असतेच.

सध्या 2027 च्या सिंहस्थासाठी गडूच्या पोस्ट तयार करतेय. गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) येणारे लोक तीर्थ घरी नेतात, त्यात बाहेरगावचे खूप, म्हणून त्याच मजकुराचं हिंदीही करून घेते. पहिल्या मसुद्यात गडूच्या नक्षीचं कौतुक होतं. बाबा म्हणाले, ‘प्रवासात सांडू नये म्हणून झाकण डाग देऊन, म्हणजे झाळून, पक्कं करून मिळेल, हे लिही.’ तीच पहिली ओळ केली.