मनिलाच्या तटाआड आणि तटाबाहेर

१५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने फिलिपिन्समधील पासिग नदीच्या मुखाशी स्पॅनिश मनिलाची स्थापना केली, तेव्हापासून कोणी कोठे राहायचे हा प्रश्न शहराच्या रचनेत मुरलेला आहे, असे मला वाटते. इन्त्रामुरोस या तटबंद शहरभागात अधिकारी, चर्च आणि मठ होते; चिनी व्यापारी व कारागीर मात्र बाहेर पारियान वस्तीत, तटावरील तोफांच्या टप्प्यात ठेवलेले होते. गंमत अशी, की आतल्यांचे जोडे, कपडे आणि पाव बाहेरच्यांच्याच हातचे असत, आणि मेक्सिकोतील अकापुल्कोला जाणाऱ्या जहाजांतील रेशीमही त्यांच्याच मार्फत येई. तरीही १६०३ च्या उठावानंतर हजारो चिन्यांची कत्तल झाली.

मनिलाबाहेरही स्पॅनिश राजवटीच्या, विखुरलेल्या स्थानिक लोकांना चर्चच्या घंटेचा आवाज पोहोचेल इतक्या अंतरात आणून वसवण्याच्या धोरणातून चौक, चर्च आणि सभोवती प्रतिष्ठितांची घरे हा गावांचा साचा तयार झाला. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने करवसुली सोपी व्हावी म्हणून आडनावांची यादीच प्रांतोप्रांती पाठवली. आल्बाय प्रांतातील ओआस गावात 'र'पासून सुरू होणारी आडनावे आजही मोठ्या संख्येने आढळतात, ती त्यामुळेच.

स्पेननंतर सत्तेवर आलेल्या अमेरिकनांनी इंग्रजी शाळा काढल्या आणि १९०५ मध्ये नगररचनाकार डॅनियल बर्नहॅमकडून मनिला व बागिओ या डोंगरावरील शहराचे आराखडे करवून घेतले. रुंद रस्ते काही प्रमाणात झाले. जमिनीची मालकी मात्र फारशी बदलली नाही. मठांकडून सरकारने विकत घेतलेल्या जमिनींपैकी बऱ्याचशा अखेर पैसेवाल्यांच्याच हाती गेल्या.