सर, आधी गॅस सोडा!

पेशंट अमळनेर तालुक्यातल्या, पन्नाशीच्या मावशी. पित्ताशयात खडे, बाकी शेतात राबणारं काटक शरीर. ईसीजी नॉर्मल, पल्स साठच्या आसपास. असा संथ पल्स असला की दुर्बिणीच्या ऑपरेशनात मी जरा जास्तच सावध असतो.

मी भूल दिली, श्वासनलिकेत नळी टाकली, सगळं बिनबोभाट. सर्जननी बेंबीपाशी सुई घालून पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड गॅस सुरू केला, तोही पहिल्यापासून जोरात. लिस्ट मोठी होती, वर जळगावचा मे महिना आणि कुरकुरणारा एसी. पोट टम्म होत गेलं तसा मॉनिटरचा बीप लांबत गेला. ५२. ४०. २८.

“सर, गॅस बंद करा.”

“अहो, प्रेशर बारालाच आहे.”

“बारा असू द्या, आधी गॅस सोडा!”

व्हॉल्व्ह उघडला, फुस्स करून गॅस निघाला. तोवर सिस्टरनी भरून ठेवलेलं, पल्स वाढवणारं ०.६ मिलिग्रॅम अट्रोपिन मी शिरेतून दिलं होतं. एक डोळा कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या आलेखावर. गॅस चुकून रक्तवाहिनीत शिरला असता तर तो आलेख धाडकन खाली आला असता. तो फारसा ढळला नव्हता, त्यामुळे माझा जीव थोडा भांड्यात पडला. पल्स ५०, मग ८५.

बारा-पंधराच्या आत प्रेशर असलं की निर्धास्त, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. पोटाचं आतलं अस्तर एकदम ताणलं गेलं की व्हेगस नर्व्ह हृदयाला लगाम घालते, कधी हृदय थांबतंही. किती प्रेशर यापेक्षा किती वेगाने, हे तेव्हा जास्त महत्त्वाचं.

दुसऱ्यांदा मिनिटाला एक लिटरने सुरू केलं आणि दहावर थांबलो. कार्बन डायऑक्साइड कॉटरीने, म्हणजे विजेवर डागणाऱ्या उपकरणाने, पेट घेत नाही, रक्तात चटकन विरघळतो. पण विरघळलेला बाहेर काढायचा तो फुफ्फुसांनीच. म्हणून व्हेंटिलेटरचा रेट वाढवला. पित्ताशय सुखरूप निघालं.

संध्याकाळी राउंडला मावशी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “ऑपरेशन पोटनं, आनि दुखस खांदा! काबं?”

उरलेला गॅस श्वासपटलाला टोचतो, त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोनेक दिवसांत जाईल, असं समजावलं. मावशींनी मान डोलावली आणि मुलाला बामची बाटली काढायला सांगितली.