पावाची पाटी

बर्लिनहून आल्यापासून जो तो भिंतीबद्दल विचारतोय. भिंत पाहिली. रंगवलेली आहे, गर्दी आहे, फोटो आहेत. मला सांगायचंय ते पावाबद्दल.

ताई चार वर्षं शोनेबर्ग भागात राहते, बायरिशर प्लाट्झ नावाच्या चौकापासून पाच मिनिटांवर. आई आणि मी तिच्याकडे बारा दिवसांसाठी गेलो होतो. त्यातले पहिले तीन आईचे गुडघे, बाहेरचा गारठा आणि ताईची नियमावली यांतच संपले. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जायचं नाही, आवाज होतो. रस्ता चिटपाखरू नसलेला असला तरी लाल दिव्याला थांबायचं. आई तिसऱ्या दिवशी म्हणालीच, "अगं, इथे शिंकायला तरी परवानगी आहे ना?"

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पाव आणायला बाहेर पडलो. ताईने रस्ता सांगितला होता, मी अर्थातच चुकले. तेवढ्यात आईला दिव्याच्या खांबावर एक पाटी दिसली. वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, पावाचं छान ठळक चित्र. "ही बघ, आलीच बेकरी." बेकरी कुठेच नव्हती. चार मजली इमारती, सायकली, एक कुत्रा. पाटीच्या मागच्या बाजूला काळ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. बेकरी आत गल्लीत असेल, तसं लिहिलं असेल, म्हणून मी मोबाईल वर धरला आणि भाषांतर वाचलं.

'बर्लिनमध्ये ज्यूंनी खाद्यपदार्थ फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेत खरेदी करावेत. ४ जुलै १९४०.'

तारीख नीट दिसेपर्यंत पोटात गोळाच आला. मग खांबावरची लहानशी खुलाशाची पट्टी दिसली. हे स्मारक आहे. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलावंतांनी १९९३ मध्ये या वस्तीतल्या दिव्यांच्या खांबांवर अशा ८० पाट्या लावल्या. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी राजवटीतला एखादा नियम, तोही आजच काढल्यासारखा वर्तमानकाळात. लावल्या तेव्हा काही रहिवाशांनी घाबरून पोलिसांना बोलावलं होतं. खुलाशाची पट्टी त्यानंतरची.

मी आईला वाचून दाखवलं. तिने हिटलर, छळछावण्या यातलं काहीच काढलं नाही. तिने विचारलं, "चार ते पाच? तोवर दुकानात उरतं काय?"

युद्धाचा काळ, सगळं रेशनवर. सकाळी आलेला माल सकाळीच संपणार. ज्यूंनी दुकानात येऊ नये असं कुठेच लिहिलेलं नाही. या की, चार वाजता या. रॉकेलच्या आणि साखरेच्या रांगेत अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला या नियमातली मेख एका वाक्यात कळली. मी मात्र शाळेत दुसऱ्या महायुद्धावर टिपा लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

मग पाव राहिला बाजूला. आम्ही खांबामागून खांब करत सुटलो. आई चित्र ओळखायची, मी मागे जाऊन वाचायचे. गायनमंडळांतून ज्यूंना काढून टाकलं, ऑगस्ट १९३३. ज्यू डॉक्टरांना व्यवसाय बंद, जुलै १९३८. बर्लिनचे जलतरण तलाव बंद, डिसेंबर १९३८. बायरिशर प्लाट्झवर ज्यूंनी फक्त पिवळ्या बाकांवर बसावं, १९३९. टेलिफोन तोडले, १९४०. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने पिवळा तारा लावावा, सप्टेंबर १९४१. अंडी मिळणार नाहीत, जून १९४२. आणि मांजराचं चित्र असलेली एक: ज्यूंनी घरात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, १९४२. अलिबागला आमची मांजरी शेजाऱ्यांकडे ठेवलेली, रोज रात्री फोन करून तिची चौकशी चालायची. आई त्या खांबाशी जरा जास्त वेळ थांबली.

आम्ही अलिबागच्या. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आम्हाला पुस्तकातून कळलेले नाहीत. किहीमकर, पेणकर, झिराडकर अशी आडनावं, घरात मराठी, धंदा तेल गाळायचा, शनिवारी काम बंद. म्हणून तर कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. आईच्या माहेरी शेजारच्या आजी एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा आवर्जून पाठवायच्या. पोहे, गूळ, खोबरं. त्या कधीच्या इस्रायलला गेल्या. "त्या इथे असत्या, तर त्यांनाही चारलाच जायला लागलं असतं?" आईने विचारलं. हो म्हटलं. "त्या तर सकाळी सातला बाजार उरकून मोकळ्या व्हायच्या."

१९३३ मध्ये या शोनेबर्ग भागात सोळा हजारांच्या आसपास ज्यू राहत होते. डॉक्टर, वकील, व्यापारी. आइन्स्टाइनसुद्धा १९३२ पर्यंत इथल्याच हाबरलांडश्ट्रासेवर होता.

संध्याकाळी पाव न घेताच घरी पोचलो आणि ताईशी जुंपली. चार वर्षं ती या पाट्यांखालून बाबागाडी ढकलत जातेय आणि तिने एकही वाचलेली नाही! "मला वाटायचं दुकानांच्या जाहिराती आहेत. सकाळी सात चाळीसची बस असते माझी. वर कोण बघत बसतं?" मी फारच तावातावाने बोलले. भावजी बिचारे आमटी ढवळत राहिले. आता कबूल करते, त्या दिवशी बेकरी पहिल्याच वळणावर सापडली असती तर मीही वर बघितलं नसतं.

पुढचा आठवडा पर्यटनात गेला. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, घुमटासाठी महिनाभर आधी नाव नोंदवलं आणि पासपोर्ट घरी विसरले, त्यामुळे इमारत हिरवळीवरूनच पाहिली. तिथे ९६ काळ्या फरशा उभ्या रोवल्यात, नाझींनी मारलेल्या संसद सदस्यांच्या. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला तो रीतसर नेमणुकीने, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीने. २७ फेब्रुवारीला संसदेला आग लागली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित केले. २३ मार्चला उरलेल्या संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट सदस्यांना तर आधीच तुरुंगात टाकलेलं, नाहीतर पळवून लावलेलं. विरोधात गेली ती सगळी मतं सोशल डेमोक्रॅट्सची. गायनमंडळाची पाटी त्याच वर्षीच्या ऑगस्टची आहे. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

मारल्या गेलेल्या ज्यूंचं मोठं स्मारक, ते २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं, मला नाही भावलं. दोष ठोकळ्यांचा नसेलही. एक मुलगा एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता आणि त्याची आई व्हिडिओ काढत होती. ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या सतरा नंबरच्या फलाटावर मात्र चिटपाखरू नव्हतं. बर्लिनच्या ज्यूंना हद्दपार करणाऱ्या गाड्या इथून सुटायच्या. तिथे फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्यांवर तारीख, माणसांचा आकडा आणि गाडी कुठे गेली एवढंच कोरलंय. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ची. आई आकडे वाचत थोडी चालली, मग म्हणाली, गुडघा दुखतोय, बसू या. बसायला बाक शोधावा लागला.

परतताना विमानतळावर ताईचा मेसेज आला. हललेला फोटो, खांब, पाटी. खाली तिने स्वतः भाषांतर केलं होतं: 'आर्य आणि बिगरआर्य मुलांनी एकत्र खेळण्यास मनाई. १९३८.' त्याखाली, 'पाळणाघराच्या वाटेवरच आहे ही. पुढची वाचणार होते, पण पोरगी रडायला लागली. उद्या.'