मिनिकॉम बंद, लाइन चालू: अखेर जमलं

मंडळी, जमलं एकदाचं! मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रामने लावलेला मोडेमचा कॉल न तोडता त्याच लाइनवर पीपीपी, म्हणजे फोनवरून नेटवर्क जोडणी, चढवायची होती. मिनिकॉममधून बाहेर पडलो, मोडेमवरचा सीडीचा (लाइन जोडलेली असल्याचा) दिवा तसाच लागलेला राहिला, पीपीपीडीने (पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामने) तीच लाइन उचलली आणि पलीकडच्या स्लर्पने (साध्या शेल अकाउंटवरून पीपीपी देणाऱ्या प्रोग्रामने) १०.०.२.१५ हा पत्ता दिला. पलीकडच्या १०.०.२.२ ला पिंग केलं, उत्तर आलं. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून ओरडलो नाही इतकंच.

मांडणी जुनीच आहे: दोन एक्स्टर्नल मोडेम, मध्ये घरगुती ईपीएबीएक्स (छोटं खासगी टेलिफोन एक्स्चेंज), पलीकडच्या डेबियन लिनक्सवर कॉल उचलणारा एमगेटी. या ईपीएबीएक्सचा डायलटोन मोडेमला अजूनही ओळखू येत नाही, त्यामुळे एक्स३ (डायलटोनची वाट बघू नको) लावूनच डायल करावं लागतं. कनेक्ट ३१२०० (बिट दर सेकंदाला) मिळतंय. दोन्ही टोकं अॅनालॉग असली की ३३,६०० च्या वर जाता येत नाही, तेव्हा ५६के कुठे गेलं असं कृपया पुन्हा विचारू नका.

खेळही तोच, शेल अकाउंटवरून पीपीपी. टर्मिनलमधून लॉगिन करायचं, पाइनमध्ये मेल बघायची, मग स्लर्प सुरू करायचं. पडद्यावर ~ } # ! असा कचरा ओसंडायला लागला की टर्मिनल सोडायचं आणि त्याच कॉलवर पीपीपी चढवायचं. (क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या यूजर नेटवर्किंगमध्ये आजही हाच स्लर्प राबतोय. १०.०.२.१५ बघून ओळखीचं वाटलं असेल तर ते त्यामुळे.)

घोडं अडत होतं ते हस्तांतरात, म्हणजे मिनिकॉमकडून पीपीपीडीकडे लाइन सोपवताना. मिनिकॉम सोडायला कंट्रोल-ए एक्स दाबलं की मोडेम रीसेट होतो, म्हणून कंट्रोल-ए क्यू. त्याने लाइन टिकायची, पण पीपीपीडी सुरू केल्या केल्या रिले खट्ट वाजायचा आणि कॉल गेलेला असायचा. पहिला संशय अर्थातच हपसीएल या सीरियल पोर्टच्या फ्लॅगवर. पोर्ट शेवटच्या प्रोग्रामने बंद केला की लिनक्स डीटीआर (‘संगणक तयार आहे’ असं मोडेमला सांगणारी तार; ती पडली की मोडेम फोन ठेवतो) खाली घेतो तो याच फ्लॅगमुळे. एसटीटीवाय ही कमांड लावून पाहिलं, फ्लॅग बंदच होता. मिनिकॉम बिचारा निर्दोष.

मग मोडेमला &डी० दिलं, म्हणजे मोडेमने डीटीआरकडे बघायचंच नाही. लाइन टिकली! पण पीपीपी संपल्यावरही फोन खाली ठेवेना. दर वेळी परत मिनिकॉम उघडा, +++ द्या, सेकंदभर थांबा, एटीएच (फोन ठेव) द्या. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. मीटर पडायच्या काळात असं मोडेम विसरलं असतं तर घरच्यांनी बिल हातात देऊन बाहेर काढलं असतं.

&डी२ वर (डीटीआर पडला की फोन ठेव) परत आलो आणि या वेळी पडद्याऐवजी टीआरच्या, म्हणजे डीटीआर दाखवणाऱ्या, दिव्याकडे बघत बसलो. मिनिकॉम सोडला, दिवा लागलेलाच. पीपीपीडी सुरू केला आणि दिवा सेकंदभर विझून पुन्हा लागला. चोर सापडला! पीपीपीडीच्या मॅन पानावर (माहितीपत्रकात) सरळ लिहिलंय: मोडेम हा पर्याय चालू असला (आणि तो मुळातच चालू असतो) की कनेक्ट स्क्रिप्ट (नंबर फिरवणारी) चालवण्याआधी डीटीआर थोडा वेळ खाली घेतला जातो; आधीची लाइन अडकलेली असली तर सुटावी म्हणून असणार. पीपीपीकॉन्फिगने बनवलेल्या पिअर्स फाइलमध्ये (जोडणीच्या सेटिंग्जमध्ये) चॅट या डायल करणाऱ्या प्रोग्रामची कनेक्ट ओळ होतीच.

ती ओळ उडवली, बस्स. कनेक्ट नसेल तर पीपीपीडी नुसता कॅरिअर आहे का ते बघतो आणि कामाला लागतो. लोकल पर्याय मात्र लावू नका. त्याने डीटीआरला हातच लागत नाही, म्हणजे शेवटी फोन ठेवायचा प्रश्न परत उभा. मोडेम पर्याय तसाच ठेवला तर काम संपताना डीटीआर खाली जातो आणि &डी२ मुळे लाइन आपोआप सुटते.

केबलबद्दल एक. जुन्या बाजारात ‘मोडेम केबल’ म्हणून घेतलेली एक उघडली तर आत तीनच तारा. २५ पिनी टोकाची २० नंबरची पिन, म्हणजे डीटीआर, कुठेच जोडलेली नाही. घेताना मल्टिमीटर लावून बघा.

आता हस्तांतराची स्क्रिप्ट लिहायला घेणार होतो. पण हे टाइप करताना सुचलं, की मागे एक स्लीप (काही न करता नुसती थांबणारी कमांड) नुसता पोर्ट उघडून बसवला तर ‘शेवटचा बंद करणारा’ कोणी उरतच नाही, मग हपसीएल चालू असो वा बंद. म्हणजे मिनिकॉमचीच सक्ती नाही, कर्मिट हा दुसरा टर्मिनल प्रोग्रामही चालावा. स्क्रिप्ट राहू दे, आधी हे करून बघतो. कर्मिट बाहेर पडताना स्वतःहून फोन ठेवतो का, हे कोणी तपासलं असेल तर सांगा.