छापून तर छान येतंय ना, ताई?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर हल्ली मी उत्तर देणंच सोडलं होतं. ‘ताई, जुन्या फॉण्टमधली फाईल का घेत नाही? छापून तर छान येतंय. युनिकोडचा एवढा हट्ट कशाला?’ दिवाळी अंकवाले विचारतात, पत्रिकावाले विचारतात, परवा सख्ख्या भाच्यानं विचारलं. दोन संपादक याच कारणानं समोरच्या दुकानात गेले. गेले ते गेले.

छापून छान येतं हे मला सांगू नका. ते मीच माझ्या अक्षरजुळणीच्या दुकानात छापत होते, १९९६ पासून.

कृतिदेव या जुन्या फॉण्टमध्ये ‘मराठी’ टाइप करा आणि फॉण्ट काढून घ्या. खाली काय उरतं? इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. मशीनच्या लेखी तुम्ही म लिहिलाच नव्हता. ई लिहिली होती, तिला म चं सोंग दिलं होतं. पानावर ते सोंग बेमालूम वठतं, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. बरं, प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. एकाचा म ई वर, दुसऱ्याचा भलतीकडेच. युनिकोडमध्ये मात्र म ला स्वतःचा एकच क्रमांक, सगळ्या फॉण्टांत तोच. हे तुम्हाला माहीत आहे, तरी विचारता. म्हणून आता सरांची गोष्ट सांगते. ही मी दुकानात कुणाला सांगितलेली नाही.

सर आमच्या हायस्कूलला मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरकडचे करवीर, पन्हाळा, शाहूवाडी हे तालुके सायकलवर फिरून त्यांनी शेतीतले शब्द गोळा केले. मोटेचे, गुऱ्हाळाचे, बैलांच्या साजाचे. एका शब्दाला एक चिठ्ठी, पाठकोऱ्या कागदाची. चिठ्ठीवर शब्द, अर्थ आणि कुठल्या गावात ऐकला ते. बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे भरून चिठ्ठ्या त्यांनी २००१ च्या जूनमध्ये माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. तीन हजारांवर होत्या.

त्यांची एक अट होती. ‘चार’मधला च आणि जनावराच्या ‘चारा’मधला च एक नाही, दुसऱ्याखाली टिंब पाहिजे. फॉण्टमध्ये तसलं अक्षर नव्हतं. मी पूर्णविराम घेतला, त्याची बेसलाइन म्हणजे तळरेघ खाली ओढली, कर्निंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर उणे केलं आणि तो च च्या पोटाखाली सरकवला. सर खूश. ‘पोरी, झकास जमलं हे.’ त्या टिंबाचा मला अजून अभिमान वाटतो, आणि तो वाटतो याची लाजही वाटते.

मशिनं दोन होती आणि लॉक एकच. प्रिंटरच्या पोर्टात मागून खोचायचा तो ठोकळा. तो असेल तरच फॉण्ट उघडायचा. पैसे मोजून घेतलेली अक्षरं, पण किल्ली कंपनीची. दुसरा लॉक परवडत नव्हता. म्हणून आमच्या टायपिस्ट मावशी ज्या मशीनवर टाइप करायच्या त्यात कुणीतरी फ्लॉपीवर आणून दिलेला फॉण्ट टाकला होता. चोरीचाच. तेव्हा गावात कुणाकडे नव्हता ते सांगा.

बजेट संपलं. पुस्तकात बावीसशे शब्द आले. उरलेले नऊशेच्या आसपास ‘पुढच्या आवृत्तीत घेऊ’ म्हणून वेगळ्या फाईलमध्ये ठेवले. मावशींच्या मशीनवर, त्या फ्लॉपीच्या फॉण्टमध्ये. सरांनी विचारलं, ‘या चिठ्ठ्यांचं काय करू? घरी सून कुरकुरते.’ मी मॉनिटरवर थाप मारून म्हणाले, ‘सर, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. आता कुठं जातंय?’

सरांनी चिठ्ठ्या रद्दीत घातल्या. डबे ठेवले. त्यांत आता खिळे आहेत.

२००९ मध्ये जुनी मशिनं काढली तेव्हा मी फाईल सीडीवर घेतली. शिवाय जास्तीची खबरदारी म्हणून सगळा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये काढून स्वतःलाच मेल केला. साधं टेक्स्ट म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं वाटलं. २०१६ मध्ये सर दुसऱ्या आवृत्तीसाठी आले. वय ब्याऐंशी, हातात काठी. सीडी एकाही ड्राइव्हनं वाचली नाही. मेलमधली फाईल उघडली.

त्या फॉण्टला २५६ कप्पे. खालच्या अर्ध्यात इंग्रजी अक्षरांच्या जागा, वरच्या अर्ध्यात जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काही मात्रा. मजकूर काढताना की मेल करताना, कुठं ते आता सांगता यायचं नाही, पण वरच्या अर्ध्यातल्या प्रत्येक खुणेचं एकच प्रश्नचिन्ह झालं होतं. खालची अक्षरं मी वाचू शकत होते. अमुक की म्हणजे तमुक अक्षर हे बोटांना पाठ होतं. पण शंभरेक वेगवेगळ्या खुणा एका प्रश्नचिन्हात बुडाल्यावर त्या वेगळ्या करायच्या कशा?

तीन दुपारी आम्ही बसलो. मी वाचायची, सर ओळखायचे. ‘ना, मग प्रश्नचिन्ह.’ ‘नाडा. मोटेचा नाडा.’ ‘थ, काना, र, प्रश्नचिन्ह, ळ.’ ‘थारोळं.’ शाळेतल्या गाळलेल्या जागा भरल्यासारखं चाललं होतं. पहिल्या दिवशी आम्ही हसलोसुद्धा.

तिसऱ्या दुपारी एक नोंद आली. आधी प्रश्नचिन्ह, मग माझं टिंब, मग आणखी एक प्रश्नचिन्ह, व, काना, ण. टिंब पूर्णविरामाचं, म्हणजे खालच्या कप्प्यातलं, म्हणून ते शाबूत होतं. कशाखालचं, ते गेलं होतं. सर म्हणाले, चुलवाण, गुऱ्हाळाची भट्टी. मग नाही म्हणाले. चुलवाण पुस्तकात छापलंय, हा दुसरा कुठला तरी. अर्थाची ओळ जवळजवळ सगळी प्रश्नचिन्हांची. गावाचं नाव मात्र धड उमटलं होतं: कळे. सर डोळे मिटून बसले. ‘कळे गावात कोण होतं गं? कुणाकडून आणला होता मी हा?’

मला काय माहीत? चिठ्ठीवर असेल, असं तोंडात आलं होतं. गिळलं.

नऊशेपैकी चारशेच्या आसपास परत मिळाले. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमची, फॉण्टवर कशाला खापर? बरोबर. बॅकअप मी उघडून बघितला नाही, चोरीचा फॉण्ट मी वापरला, थाप मी मारली. पण तोच मजकूर युनिकोडमध्ये असता तर कुठल्याही फॉण्टात, कुठल्याही मशीनवर म हा म च राहिला असता, लॉक असो नसो. आणि च खालचं टिंब? त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्त्याला, म्हणजे त्या खालच्या टिंबाला, स्वतःची जागा आहे. माझ्या कर्निंगची गरजच नव्हती.

असं आज म्हणते. २००२ मधली मी हे ऐकून फिस्सकन हसले असते, आणि तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आपलं भारतीय मानक इस्कीही त्याच वर्षीचं. म्हणजे मी दुकान टाकलं तेव्हा दोन्ही पाच वर्षांची झाली होती. पण मी छापू कशात? पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला देवनागरी युनिकोड कळायचंच नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉण्ट आला. मंगलमध्ये पुस्तक छापलं असतं तर सरांनीच ते माझ्या तोंडावर फेकलं असतं. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइननं देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवायला सुरुवात केली ती २०१२ मध्ये, सीएस ६ पासून. मधली दहा वर्षं मी पोटाला काय खायचं होतं? मावशींची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळपाटावर घडलेली. युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट हा वेगळा कळपाट शिका म्हटल्यावर त्या आठवडाभर आल्या आणि मग आल्याच नाहीत. हा हिशोब कुठं मांडायचा?

आणि युनिकोडनं सगळं मिटलं असंही नाही. ‘गुऱ्हाळ’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, शोधायला गेलात तर एक सापडतो आणि दुसरा नाही. काही ॲपं त्यातला न दिसणारा जोड खाऊन टाकतात, मग उरतं ‘गुर्हाळ’. हो, ‘ॲप’मधला ॲ. त्याला स्वतःचा कप्पा मिळाला २००८ मध्ये; त्याआधीचा सगळा मजकूर अ वर चंद्र ठेवून लिहिलेला. आजही माझ्याच पीडीएफमधून मजकूर उचलला तर ‘वर्ष’चं ‘वषर्’ होतं आणि ‘दिवाळी’ची ‘िदवाळी’. भाच्यानं नेमकं हेच दाखवलं. ‘मावशी, मग तुझा हट्ट कशासाठी?’ मी चहा टाकायला उठले.

जुन्या फॉण्टांची वळणं देखणी होती हेही खरं. तसा ल मला आजही हवा असतो.

आणखी एक. गेल्या वर्षी मी एक अंक जुन्या फॉण्टमध्ये घेतला होता. भाडं थकलं होतं. म्हणजे हट्ट तुम्ही म्हणता तेवढा कडक नाही. उद्या सकाळी कवितासंग्रहवाले येणार आहेत, आगाऊ पैसे घेऊन. त्यांची फाईल कशात आहे ते मी अजून विचारलेलं नाही.