चौथा चरण

सकाळपासून एकच ओळ डोक्यात घोळतेय. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’ मानचिन्हावर कोरून आली, सगळ्यांना आवडली आणि मला मात्र खुपली. शेवट काय आहे, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं.

भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं हे वामनपंडितांनी केलेलं मराठी रूप. वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल; ‘परंतू मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी’. तीन चरणांत तीन अशक्य गोष्टी आणि चौथ्यात त्यांच्याहून अशक्य. प्रयत्नांची थोरवी यात नाहीच, हट्टी मूर्खापुढे हात टेकलेल्या माणसाचा वैताग आहे. त्यात कोरताना ‘तेलही’ दीर्घ केलंय. शिखरिणी वृत्ताच्या सतरा अक्षरांत पंधरावं लघु लागतं, म्हणून ‘तेलहि’. चालीत म्हणून बघितलं की जीभ तिथेच अडखळते.

माहीत असणाऱ्याचीच पंचाईत. बोलावं तर खडूस ठरायचं, गप्प बसावं तर हे असं रात्री वहीत उतरवत बसायचं. आणि समजावून सांगायला गेलं की चौथा चरणच आठवतो. यातला मूर्ख नेमका कोण, हा प्रश्न आज नको.

पण खुपतंय काय? चूक म्हणावी तर ती जुनीच आहे. अर्धी ओळ लोकांना जन्मभर पुरते, उरलेल्या श्लोकावाचून कुणाचं काही अडत नाही, हे खुपतंय बहुधा.

‘वसुधैव कुटुंबकम्’चंही तेच. 2023च्या जी-20चं बोधवाक्य. हितोपदेशात हा श्लोक म्हणतो कोण, तर क्षुद्रबुद्धी नावाचा कोल्हा. हरणाच्या मांसावर डोळा आहे, मध्ये कावळा आडवा येतोय, म्हणून हे विश्वबंधुत्व. त्याच्या आधीच्याच दमात तो ‘निरस्तपादपे देशे एरण्डोऽपि द्रुमायते’ असं कावळ्याला टोचून घेतो, म्हणजे आपली वासरातली लंगडी गाय. महोपनिषदात हाच श्लोक कोल्ह्याशिवाय येतो, तेव्हा बोधवाक्य निवडणाऱ्यांना नावं ठेवायची सोय नाही.

मनाच्या श्लोकांपाशी आल्यावर मात्र माझाच जोर ओसरतो. ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे’ हा अकरावा श्लोक. कुणाकडे भेटायला गेलं की सांत्वनाला हमखास निघतो. पुढे काय आहे? ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले। तयासारिखे भोगणे प्राप्त झाले॥’ म्हणजे तुझं तूच केलंस, आता भोग. दुःखात बसलेल्या माणसासमोर चारही चरण म्हणणारा निव्वळ दुष्ट. इथे पहिल्या चरणावर थांबणाऱ्यांना कळतं कुठे थांबायचं ते. मग मानचिन्हावर थांबणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

जाऊ दे.

कुणाला पूर्ण पाहायचंच असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवते. गाथेच्या सूचीत अभंग पहिल्या चरणाने लावलेले असतात, आणि लोकांच्या तोंडी बसलेली ओळ बरेचदा शेवटची असते, ‘तुका म्हणे’च्या आसपासची. ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ म्हणून ‘अ’खाली शोधलं तर मिळत नाही आणि मग लोक म्हणतात, हे तुकोबांचं नाहीच. ‘सा’खाली जायचं. ‘साधुनी बचनाग खाती तोळा तोळा’ अशी सुरुवात आहे; बचनाग म्हणजे विषारी मुळी. दुसऱ्या कडव्यात हातात भुजंग धरलेत. मग येतात सायास आणि अभ्यास. कापूनही अर्थ शाबूत राहिलेली ही ओळ. गेला तो फक्त धोका. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. तेवढा कच्चा बचनाग सवय नसलेल्याने खाल्ला तर तो संपलाच. अभ्यासिकेच्या भिंतीवर पहिला चरण रंगवायला कुणी धजत नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत धजूही नये.