ओढ्यापलीकडचा मुक्काम

महसूल खात्यातील नोकरीची काही वर्षे मी धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहत होतो. त्यांपैकी 1994 सालचे एक प्रकरण अजून मनातून जात नाही. अर्जदार बाई पंच्याहत्तरीच्या घरातल्या, गाव बार्शी तालुक्याच्या शिवेला लागून. आपले पती 1948 साली, निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, सरहद्दीपलीकडच्या चिंचोलीच्या कॅम्पवर होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि अर्जाला आधाराचा कागद एकही जोडलेला नव्हता.

अशा वेळी आम्ही तुरुंगाचा दाखला मागत असू. तो नसेल तर पकडवॉरंट किंवा फरारी घोषित केल्याचा हुकूम. बनावट प्रकरणे आमच्याकडे येत, म्हणून हा कडकपणा आवश्यकच होता. पण सरहद्दीवरच्या कॅम्पांची सगळी मांडणीच मुळी माणूस हाती लागू नये यासाठी होती. 15 ऑगस्ट 1947 रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली आणि त्याच दिवसापासून बार्शी, सोलापूर, उमरखेड हा पलीकडचा मुलूख स्वतंत्र भारताचा झाला. तिथे निजामाच्या पोलिसांचा हुकूम चालत नव्हता. म्हणून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तिथे कॅम्प उभारले. रात्री मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शिरायचे, करोडगिरीचा (जकातीचा) नाका जाळायचा, एखाद्या ठाण्यावर हल्ला करायचा आणि उजाडायच्या आत हद्दीपार व्हायचे, असा तो क्रम होता. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेडकडील उमरीची बँक लुटली, ती उमरखेड कॅम्पच्या लोकांनी. जो माणूस असा दर वेळी सुखरूप परतला, त्याचे नाव निजामाच्या दप्तरात यावे तरी कसे? पकडला गेला असता तर त्याला पुरावा मिळाला असता.

मी स्थळपाहणीला गेलो. बाई मला गावाच्या पश्चिमेला ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या. उन्हाळा होता, ओढा कोरडा पडलेला, रुंदी जेमतेम वीस पावले. अलीकडे निजामाचे हाली शिक्का नाणे आणि उर्दू दप्तर, पलीकडे कलदार रुपया आणि मुंबई इलाख्याचा कारभार, आणि दोन्हींच्या मधे ही वाळू.

“आजी, मालक इथूनच यायचे का?” मी विचारले.

“इथूनच, भाऊसाहेब. पर घरी न्हाई यायचे. घरावर नजर असायची. मीच भाकऱ्या घिऊन त्या बाभळीखाली ठिवायची.”

मग त्या थांबल्या आणि जे बोलल्या, ते मी जबानीत शब्दशः उतरवले: “ते पलीकडं गेले की त्यांना कोन हात लावनार? हितं आमीच हुतो.”

सरहद्दीच्या आसऱ्याविषयी आपण बोलतो तेव्हा ही बाजू बहुधा सुटते. नाका जळाला की दुसऱ्या दिवशी रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, गावात येत, आणि करणारे पलीकडे निघून गेलेले असल्यामुळे जाब गावालाच द्यावा लागे. बाईंच्या सासऱ्यांना चावडीपुढे मारले, कडब्याची गंज पेटवली. त्यानंतर त्यांनी तीन मुले घेतली, एक शेळी घेतली आणि रात्रीत तोच ओढा ओलांडून त्या बार्शी तालुक्यातील एका गावी नात्यातल्या घरी जाऊन राहिल्या. भारतीय फौजांची पोलीस ॲक्शन होऊन 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, तरी परतायला त्यांना दिवाळीनंतरचा मुहूर्त लागला.

थोरला मुलगा तिथल्या शाळेत जात होता, असे त्या सहज बोलून गेल्या. मी त्याच दुपारी ती शाळा गाठली. मुख्याध्यापकांनी लाकडी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. नाव सापडायला तासभर लागला. त्या पानावर आणखी अकरा मुलांची नावे होती, सगळी हद्दीअलीकडच्या गावांची, सगळी त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात दाखल झालेली. ते पान पाहून मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

त्या नोंदीने पती कॅम्पवर होते हे सिद्ध होत नव्हते, कुटुंब परागंदा झाले होते एवढेच होत होते, आणि अहवालात मी तसेच लिहिले. प्रकरण एकदा त्रुटी काढून परत आले. पुढे त्याच कॅम्पवरच्या, तुरुंगवास भोगलेल्या एका वृद्ध सैनिकाचे प्रतिज्ञापत्र मिळाले आणि दीड वर्षाने मंजुरी झाली. अहवालासोबत रजिस्टरचा उतारा मी स्वतःच्या हाताने लिहून जोडला होता. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात 1948 सालच्या त्या गुरुजींनी लिहिले होते: “मुलूख शांत झाला, सबब गावी गेला.”